उशाशी बसलेले फौजीबाबा

मंडळी, ऐका! आज मी तुम्हाला आधी एक प्रश्न विचारणार आहे. उत्तराची घाई करू नका. लगेच सुचलेलं उत्तर बहुधा दुसऱ्याचं असतं!

प्रश्न असा. रस्त्यात अनोळखी माणूस चक्कर येऊन पडला, तर आपण धावतो की नाही? धावतो! तोंडावर पाणी मारतो, चप्पल हुंगवतो, डॉक्टर नसलेले चारजण चार औषधं सांगतात! चांगलीच गोष्ट आहे. पण तो पडलेला माणूस ओळखीचा निघाला तर? नुसता ओळखीचा नव्हे — ज्यानं आपलं वाईट केलं, ज्याचं नाव निघालं की तोंडातला घास कडू होतो, असा निघाला तर? त्याच्या उशाशी जाऊन बसायचं का?

बघा! टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. मागं बायकांत शेंगा फोडायचा आवाज येत होता, तोही बंद झाला!

आज आपण ज्यांच्या वर्षश्राद्धाला जमलोय, ते हिंदुराव फडतरे — फौजीबाबा — यांना हा प्रश्न खराखुरा पडला होता. कीर्तनात बसून नव्हे, भर दुपारी, सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात. तुमच्यातले जुने लोक त्यांना ओळखतात. पण या कुरणवाडीत नव्या सुना आल्यात, पाव्हणे आलेत, म्हणून मुळापासून सांगतो. जुन्यांनी मध्ये मध्ये मान हलवा, म्हणजे मी खोटं बोलत नाही हे पाव्हण्यांना कळेल!

एकाहत्तर साल. डिसेंबरचा महिना. पश्चिमेची सरहद्द. आपल्याकडे थंडी पडली की आपण शेकोटीपाशी हात चोळत म्हणतो, लई गारठा! तिथं बंदुकीच्या नळीला बोट लावलं तर कातडी चिकटून राहायची. हिंदुराव पलटणीत नाईक होते. दंडावर दोन फिती. पंचविशीच्या आसपासचं वय, अंगात रग, आवाज असा की कवायतीच्या मैदानावर हाक मारली तर झाडावरचे पक्षी उठावेत!

सकाळची वेळ होती. खंदकात कुणीतरी चहाचा मग पुढं केला. हिंदुरावांनी हात लांबवला, आणि — गोळा फुटला! मग कुठं गेला, चहा कुठं गेला, चहा देणारा कुठं गेला... काही कळलं नाही. नुसता पांढरा उजेड, आणि त्यानंतर काळोख.

जाग आली तेव्हा आडवे पडलेले. डोळ्यांवर गच्च पट्ट्या. कानांत घूं घूं. तंबूतलं इस्पितळ आहे एवढं औषधाच्या वासावरून कळलं. मंडळी, भित्रा माणूस नव्हता हो! पण दिसत नाही, ऐकू येत नाही, आपले हातपाय जागेवर आहेत का तेही उमगत नाही — अशा वेळी शूर कोण आणि भित्रा कोण? ते ओरडायला लागले. आईला हाक मारायला लागले. आई जाऊन कैक वर्षं झालेली!

आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांचा हात धरला.

बुवा, मृदंगावर थाप नको आत्ता. हे शांतपणे ऐकायचंय.

हात धरला. खरबरीत तळवा. मोठा पंजा. काही बोलणं नाही, आणि बोललं असतं तरी कान बंदच होते. नुसता धरून ठेवला. हिंदुरावांचा श्वास हळूहळू जागेवर आला. झोप लागली. जाग आली, चाचपून बघितलं — हात तिथंच! कळ आली की ते दाबायचे, पलीकडून तो हातही दाबायचा. जणू सांगत होता, मी आहे रे, मी आहे!

पट्ट्या सुटायच्या आधीच एका सकाळी तो हात आला नाही. पुढं कान उघडले, पट्ट्या सुटल्या. डावा डोळा गेला होता, उजवा वाचला. वाचलेल्या डोळ्यानं पहिली गोष्ट काय केली असेल? उशाशी बघितलं! रिकामं स्टूल.

मग विचारत सुटले. डॉक्टरांना विचारलं, माझ्याजवळ कोण बसायचं? ते म्हणाले, "बाबा रे, इथं आम्हाला जेवायची शुद्ध नाही." स्वयंपाक्याला विचारलं, झाडूवाल्याला विचारलं, पाणक्याला विचारलं. सगळे म्हणाले, मी नव्हतो. शेवटी एक म्हातारा वॉर्डबॉय डोकं खाजवत म्हणाला, "तुमच्या शेजारच्या खाटेवर एक कैदी होता. पलीकडच्या फौजेतला. पायाला गोळी लागलेली. उठून बसता येत होतं त्याला. त्याला हलवला दुसरीकडं. तो असेल बहुतेक... नसेलही."

असेल — नसेलही! मंडळी, या दोन शब्दांत हिंदुरावांचं पुढचं सगळं आयुष्य अडकून राहिलं. कदाचित ज्यानं तो गोळा टाकला त्याच्याच पलटणीतल्या माणसाचा तो हात! कदाचित आपल्याच कुणा जवानाचा! आभार मानायचे तर कुणाचे?

बरं, ते राहू द्या. डोळा गेला म्हणून फौजेतून घरी पाठवलं. तिथं पेढे नव्हते वाटायचे, घराला कुलूप होतं. वडील वारलेले!

कसे वारले? इथं त्यांचा चुलतभाऊ येतो — गुलाबराव. एकाच अंगणात दोघं वाढले, एकाच बैलाच्या शेपटीला धरून ओढ्यात पोहायला शिकले. पण जमीन मोठी वाईट! लढाई लागली, हिंदुरावांची खबर येईना, आणि गुलाबरावांनी म्हाताऱ्या चुलत्याला सांगितलं, "काका, हिंदू काय आता माघारी येत न्हाई. वाटणीचं बघून टाकू." म्हातारा ते ऐकून जो अंथरुणाला लागला, तो उठलाच नाही. इकडं बांध कोरला गेला — कोरला कसला, चांगला उचलून पलीकडं ठेवला! हिंदुराव आले तेव्हा बाप गेलेला, आणि बापाच्या रानात चुलतभावाची ज्वारी डोलतेय!

आपण असतो तर काय केलं असतं? कुऱ्हाड घेतली असती! हिंदुराव फौजी होते, हत्यारानं काय होतं ते बघून आलेले. त्यांनी कुऱ्हाड घेतली नाही. कोर्टात दावा लावला आणि बोलणं तोडलं. लग्नात बोलावणं नाही, मयताला खांदा नाही, समोरून आला तर तोंड फिरवायचं. पुढं त्यांचं लग्न झालं, अनुसयाकाकू घरात आल्या, कमल नावाची लेक झाली, ती मोठी होऊन फलटणला नांदायला गेली. दावा मात्र जागच्या जागी! वकील तरुण होता तो म्हातारा झाला, त्याचा मुलगा वकील झाला — तारीख चालूच!

आता दवाखान्याचं सांगतो. एकदा शेजारच्या गड्याला बैलानं मारलं, म्हणून हिंदुराव त्याला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं पलीकडच्या खाटेवर एक वाटसरू तळमळत होता. जवळ माणूस नाही, नाव विचारायला कुणी नाही. हिंदुराव आपल्या गड्याला चहा आणायला निघाले होते. निघाले... थांबले... आणि त्या वाटसरूच्या खाटेपाशी जाऊन खाली बसले. त्याचा हात हातात घेतला. त्या क्षणी, काकूंना त्यांनी पुढं सांगितलं, "माझ्या छातीवरचं वझं जरा हललं बघ."

ज्याचे आभार मानायचे तो सापडत नाही ना? मग ज्याला कुणी नाही, त्याच्यापाशी बसायचं! तेव्हापासून नेम लागला. सकाळी न्याहरी करायची, बुटाच्या नाड्या बांधायच्या, पहिल्या एस.टी.नं जायचं, दिवेलागणीला परत. औषध द्यायचे नाहीत, उपदेश करायचे नाहीत. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणारे कसे असतात? "अरेरे! आमच्या मेव्हण्याला हेच झालं होतं, गेला बिचारा!" — असं सांगून येतात! हिंदुराव तसं काही बोलायचे नाहीत. नुसते बसायचे. सिस्टर लोक त्यांना फौजीबाबा म्हणायला लागल्या. कुणी एकटा आला की हाक यायची, "फौजीबाबा, तिकडं कोपऱ्यात बसा हो जरा."

अशी वर्षं गेली. सत्तरी उलटली. आणि मग तो दिवस आला.

दुपारचं ऊन. लतिका सिस्टर वऱ्हांड्यात आल्या. "फौजीबाबा, तुमच्याच बाजूचे एक आजोबा आणलेत. घोणस चावलीय. मुलं लांब आहेत, निघालीत म्हणे, पण यायला वेळ लागेल. आणणारे सोडून गेले. फार घाबरलेत."

हिंदुराव उठले. दारातून बघितलं. खाटेवर गुलाबराव!

पाय सुजून खांबासारखा झालेला. ओठ काळे पडलेले. आणि घोणस कुठं चावली होती? त्याच बांधावर! तुम्ही लगेच म्हणाल, बघा, देवानं शिक्षा केली! मंडळी, देव एवढा रिकामटेकडा नाही. जनावर होतं, उन्हाला निघालं होतं, पाय पडला!

पण हिंदुराव दारातच थिजले. एका डोळ्यासमोर एकच चित्र — मुलाची वाट बघत गेलेला बाप. ते मागं फिरले. सिस्टर म्हणाल्या, "अहो बाबा, इकडं—" त्यांनी ऐकलं नाही. मिळाली ती एस.टी. धरली आणि घरी आले.

अनुसयाकाकू अंगणात धान्य वाळत घालत होत्या. "आज एवढ्या लवकर? बरं वाटत न्हाई का?"

"गुलब्याला घोणस चावलीय."

काकूंचा हात थांबला. "मग? कोण हाय त्याच्यापाशी?"

"कोण न्हाई."

"आन् तुमी इथं काय करताय?"

"त्याच्यापाशी बसू मी? माझ्या बापाला ज्यानं जित्तेपणी मारलं त्याच्यापाशी? जगात दुसरी एकटी माणसं कमी हायेत व्हय?"

काकू उठल्या. पदराला हात पुसले. ही माउली शाळेची पायरी चढलेली नाही, पण काय बोलली ऐका! म्हणाली, "अवो, त्या तंबूत तुमचा हात कुणी धरला, ठावं हाय का तुमाला?"

"न्हाई."

"त्यो दुश्मन असंल, असं तुमीच म्हणता न्हवं? त्यानं तुमाला इचारलं का, तू कुणाला मारून आलास म्हणून?"

हिंदुराव ओट्यावर बसले. बुटांकडं बघितलं. मग म्हणाले, "मला त्याला माफ करता येणार न्हाई, अनुसया."

"नका करू. कोण म्हणतंय करा? निस्तं बसा जावा."

मंडळी, माफ करा असं सांगणारे लाखभर मिळतील. मीसुद्धा कीर्तनात सांगतो, त्यात माझं काय जातं? पण माफ करता येत नसेल तरी बसा — हे सांगायला अनुसयाकाकूच पाहिजे!

गेले. सांज व्हायच्या आत परत दवाखान्यात गेले. खाटेपाशी स्टूल ओढलं. गुलाबरावांनी डोळे उघडले, आणि पहिले शब्द काय? बघा, माणूस मरणाच्या दारातसुद्धा कसा ताठ असतो!

"मरतोय का बघायला आलायस?"

"बसायला आलोय."

"माफ केलंस व्हय मला?"

"न्हाई."

"मग कशाला बसतोस?"

"तुला कोण न्हाई म्हणून."

गुलाबरावांनी हात आखडून पांघरुणात घेतला. हिंदुरावांनी मागितलाही नाही. बसून राहिले. थोड्या वेळानं थंडी भरून आली, दात वाजायला लागले, खाट हलायला लागली. तेव्हा तो हात आपला आपण बाहेर आला. आला, चाचपला, आणि ज्या हातानं बांध उचलला होता त्याच हातानं हिंदुरावांचं मनगट घट्ट धरलं!

मुलं पोचेपर्यंत हिंदुराव रोज जात राहिले. कधी ओठाला कापसानं पाणी लावलं, कधी पाठ खाजवून दिली. बोलणं नाही. एका सकाळी मात्र गुलाबराव छताकडं बघत म्हणाले, "हिंदू, काकाचं एक तुला ठावं न्हाई."

"माझ्या आबाचं नाव काढू नगंस!"

"काढू दे. मेलो तर माझ्याबरूबर जाईल त्ये." मग दम खात खात बोलले, "शेवटच्या दिशी काकाला दिसत नव्हतं. निस्ता तुझ्या नावानं हाका मारायचा. हिंदू आला का, हिंदू आला का. मीच त्याला सांगितलं होतं, तू येत न्हाईस म्हणून. मला ऐकवंना. मग मी उशाशी बसलो, हात धरला, आन् म्हटलं... म्हटलं, आबा, मी हिंदू. आलोय मी."



"मग?" हिंदुरावांनी विचारलं.

"मग काय? हसला. माझ्या तोंडावरनं हात फिरवला. म्हणाला, लई वाळलास रं. आन् गेला."

मंडळी, काय म्हणायचं याला? ज्यानं म्हाताऱ्याचा जीव खचवला, त्यानंच तो जीव शांतपणे जाऊ दिला! एकाच माणसानं! आपण माणसाला एका शब्दात बसवायला बघतो — हा चांगला, हा वाईट, हा चोर, हा साव. पण माणूस एका शब्दात मावत नाही!

हिंदुराव उठले. बाहेर नळापाशी गेले. तोंडावर पाणी मारत उभे राहिले, मारत उभे राहिले... नळाशी आलेल्या बाया खोळंबल्या. मग पंच्यानं तोंड पुसलं, आत आले, आणि परत त्या स्टुलावर बसले. फक्त या वेळी हात त्यांनी आपणहून धरला.

गुलाबराव वाचले! मुलं आली, घरी घेऊन गेली. आता तुम्हाला वाटेल, लगेच गळाभेट, दावा मागं, बांध जागेवर! छे! ही कुरणवाडी आहे मंडळी! दोघंही फडतरे!

काही दिवस गेले. दोघं आपापल्या रानात. बांधावरून गुलाबराव म्हणाले, "च्या घेणार का?"

हिंदुराव म्हणाले, "साखर कमी."

झालं! चाळीस वर्षांवरचं भांडण एवढ्या चार-पाच शब्दांत उतरलं. बांधावर बसून दोघं रोज चहा प्यायला लागले. आणि दावा? तो चालूच! हिंदुराव म्हणायचे, "रान माझंच हाय, मी सोडणार न्हाई." गुलाबराव म्हणायचे, "कोर्ट म्हणंल तवा देईन!" तारखेला दोघं एकाच एस.टी.नं जायचे, एकाच सीटवर बसायचे, एकाच डब्यातली भाकरी खायचे, आणि कोर्टात जाऊन समोरासमोर उभे राहायचे! वकिलांना कळेना, यांच्यातला वादी कोण आणि प्रतिवादी कोण!

हसा, हसा. आता पुढचं ऐका.

गेल्या वर्षी, जायच्या आदल्या दिवशी, हिंदुराव बांधावर बसून गुलाबरावांना सांगत होते, "वॉर्डात ठकूबाई म्हणून एक म्हातारी आलीय. वस्तीवरची. कोण न्हाई तिला, डोळ्यांनी दिसत न्हाई. दात न्हाईत, पण लाडू खावासा वाटतोय म्हणती. उद्या शेंगदाण्याचा लाडू कुटून घेऊन जातो. शबुद दिलाय तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहरी झाली. लाडवाची पुडी शेजारी ठेवली. ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायला वाकले, आणि खांबाला टेकले. काकू पाणी घेऊन बाहेर आल्या तर... झोप लागल्यासारखे. हाक मारली. गेले होते.

गाव लोटलं. फलटणहून कमल आली. तालुक्यातले जुने फौजी आले, छातीवर पदकं लावून, सलामी द्यायला उभे राहिले. दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. पण गुलाबराव कुठं दिसेनात! लोक म्हणायला लागले — "बघा, शेवटी रंग दाखवलाच!" "वैर ते वैरच!" "सोबत चहा प्यायला, पण खांद्याला आला न्हाई!" याच गावातले लोक बरं का, यातले काहीजण आता समोर बसलेत!

चिता पेटली, विझत आली. सूर्य खाली गेला. तेव्हा ओढ्याच्या वाटेनं गुलाबराव काठी टेकत आले. कुणी वाट दिली नाही. ते सरळ अनुसयाकाकूंपुढं जाऊन उभे राहिले.

"वहिनी, मला यायला उशीर झाला. ओट्यावरची पुडी मी उचलून नेली होती, तुमाला न इचारता. म्हातारी वाट बघत असंल म्हणून."

सकाळी दाराशी येऊन त्यांनी भावाचं तोंड बघितलं, पुडी घेतली, आणि एस.टी. धरली होती! दवाखान्यात जाऊन त्या स्टुलावर बसले. ठकूबाईनं हात चाचपला आणि म्हणाली, "ह्यो हात त्याचा न्हाई."

त्या वेळी गुलाबराव काय म्हणू शकले असते? "मीच हिंदू," असं म्हणू शकले असते! एकदा म्हणूनही झालं होतं! पण या वेळी ते म्हणाले, "न्हाई बाई. त्यो गेला. मी त्याचा भाऊ. मला बसायचं ठावं न्हाई, पण बसतो."

काकूंनी ऐकलं. म्हणाल्या, "खाल्ला का तिनं लाडू?"

"अर्धा खाल्ला. अर्धा मला दिला."

मंडळी, हे सगळं मला खुद्द गुलाबरावांनी सांगितलं. म्हणाले, महाराज, कीर्तनात सांगा, काही झाकू नका. ते आज इथंच बसलेत. नका, नका — माना वळवू नका! इकडं बघा, माझ्याकडं! त्यांच्याकडं बघायचं नाहीये, आपल्याकडं बघायचंय.

मी इथं उभा आहे, मला वरून सगळा मंडप दिसतो. दोन सख्खे भाऊ दोन टोकांच्या खांबांना टेकून बसलेत, ते मला दिसतायत. बायकांच्या बाजूला दोघी जावा आहेत, मध्ये पाचजणींची भिंत घालून बसलेल्या. एक बाप आहे, त्याचा मुलगा त्याच्या मागेच बसलाय, पण बापाला ठाऊक नसल्यासारखा बसलाय. मी नावं घेणार नाही. तुमची नावं तुम्हाला पाठ आहेत!

मी तुम्हाला माफ करा म्हणत नाही. दावे मागं घ्या म्हणत नाही. तुमचं रान तुमचं, तुमचं दुःख तुमचं, आणि ते खरं आहे. एवढंच म्हणतो, आता पंगती बसायच्या आहेत. ज्याच्याशी बोलणं नाही, त्याच्या शेजारी आजच्या दिवस बसा. घास त्याच्या तोंडात घालू नका, गळ्यात पडू नका, रडू नका. नुसतं शेजारी बसा. पुढचं पुढं बघू.

आता नाम घेऊ. टाळकरी मंडळी, उचला टाळ. पण अंमळ सावकाश वाजवा. घाई नाही.

लोक उठून जागा बदलतायत.